एका बाजेवर दोघं : माणसाच्या अंथरुणातली जनावरं

पाळलेल्या जनावराला आपल्या अंथरुणात घ्यावं की नाही, हा आजच्या बोलण्याचा विषय. पत्रकावर तो वाचून काहींना हसू आलं असेल. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला उचगावात येऊन बोलायला दुसरं काही मिळालं नाही का, असंही कुणाच्या मनात आलं असेल. पण जरा विचार करून बघा. सोप्यात आपण कुणालाही बसवतो. जेवायच्या पंगतीला ओळखीचा माणूस चालतो. अंथरुणात मात्र फार थोड्यांना जागा असते. म्हणजे एखाद्या समाजानं कुणाला किती जवळ घेतलं हे तपासायचं असेल, तर अंथरुणाइतकी खरी जागा दुसरी नाही. झोपलेला माणूस निःशस्त्र असतो. त्या अवस्थेत तो कुणावर विश्वास टाकतो, हा इतिहासाचाही प्रश्न आहे.

सुरुवात परदेशापासून करू. युरोप-अमेरिकेत फेरेट नावाचा एक प्राणी पाळतात. लांबट अंग, आखूड पाय, अंगावर मऊ दाट केस. दिसायला आपल्या मुंगसासारखा, पण कूळ वेगळं. पोलकॅट नावाच्या रानटी प्राण्यापासून माणसानं हा वंश घडवला. फेरेट दिवसातले चौदा-पंधरा तास किंवा त्याहूनही जास्त झोपतो. त्याला अंधारी, उबदार, चिंचोळी जागा आवडते, कारण त्याच्या पूर्वजांचं आयुष्य बिळांत गेलेलं. त्यामुळे मालकाची रजई हे त्याला फार सोयीचं बीळ वाटतं. त्याला अंथरुणात घ्यावं की पिंजऱ्यातच झोपवावं, यावर तिकडं पाळणाऱ्यांत मोठे वाद होतात. एक म्हणतो, लेकरासारखा आहे, कुशीत घेतला तर काय बिघडलं? दुसरा म्हणतो, झोपेत कूस बदलताना तो अंगाखाली आला तर चिरडून मरेल. दोघांचंही खरं आहे.

हा फेरेट काही लाडासाठी माणसाकडं आला नाही. स्ट्रॅबो नावाच्या ग्रीक भूगोलकारानं दोन हजार वर्षांपूर्वी स्पेनकडच्या मुलखाचं वर्णन लिहिलंय. त्यात सशांच्या उपद्रवाची हकिकत येते. अशा प्राण्याच्या तोंडाला जाळी बांधून लोक त्याला सशाच्या बिळात सोडत आणि ससे बाहेर काढत, असं तो सांगतो. प्लिनी नावाचा रोमन लेखक तर म्हणतो की बॅलिआरिक बेटांवरच्या लोकांनी सशांना कंटाळून ऑगस्टस सम्राटाकडं सैन्याची मदत मागितली होती. म्हणजे फेरेट हा मुळात शेतकऱ्याचा गडी. युरोपातल्या भाषांत त्याला जे नाव मिळालं, त्याच्या मुळाशी लॅटिनमधला 'छोटा चोर' असा अर्थ आहे. गडी म्हणून आलेला हा छोटा चोर विसाव्या शतकात घरात शिरला आणि मग पलंगावर चढला. तरी सगळीकडं त्याचं स्वागत आहे असं नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात तो पाळायला आजही बंदी आहे.

फेरेटचा आणखी एक उपयोग झाला, तो आपण विसरतो. १९३३ साली लंडनमध्ये विल्सन स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ या तीन संशोधकांनी माणसाच्या फ्लूचा विषाणू वेगळा काढला, तो फेरेटच्या मदतीनं. माणसाचा फ्लू फेरेटला होतो आणि फेरेटचा माणसाला. पुढं त्याच संशोधनाच्या ओघात फेरेट तोंडावर शिंकला आणि संशोधकाला फ्लू झाला, असंही घडलं. आता गंमत बघा. आपण जनावराला अंथरुणात घ्यायचं की नाही हे ठरवताना फक्त आपल्याला काय होईल याचा विचार करतो. पण शेजारी झोपलेल्या जनावरालाही आपला आजार लागतो. जवळ यायचं तर धोका दोघांनी वाटून घ्यायचा असतो.

आपल्याकडं फेरेट नाही. आपल्याकडं त्याच्या जागी मुंगूस आहे. मुंगसाचं तोंड दिसलं की दिवस चांगला जातो असं आपण लहानपणापासून ऐकलंय. मुलं बांधावरच्या मुंगसाला शपथ घालून तोंड दाखवायला सांगतात. आणि अंथरुणाजवळच्या जनावराची आपली सगळ्यात जुनी गोष्टही मुंगसाचीच आहे. पंचतंत्राच्या पाचव्या तंत्रात ती येते. ब्राह्मणाच्या घरी मुलगा आणि मुंगूस एकत्र वाढतात. आई मुंगसाला मुलासारखंच वाढवते, पण त्याच्यावर तिचा पुरता विश्वास नसतो. पाण्याला जाताना ती नवऱ्याला सांगून जाते, पोराकडं लक्ष ठेवा. तोही बाहेर जातो. साप येतो, मुंगूस त्याला मारतं आणि रक्तानं माखलेलं तोंड घेऊन आईला सामोरं जातं. तिला वाटतं, यानं पोराला खाल्लं. हातातली घागर ती त्याच्या अंगावर टाकते. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

शाळेत या गोष्टीचं तात्पर्य 'अविचारानं काही करू नये' असं सांगतात. ते चूक नाही. पण मला या गोष्टीत दुसरं काही दिसतं. त्या आईनं मुंगसाला दूध दिलं, जागा दिली, लेकराशेजारी झोपू दिलं. तरीही ते जनावर म्हणून तिच्या मनातला संशय गेला नव्हता. जवळ घेणं आणि विश्वास ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या जुन्या कथाकाराला पक्कं ठाऊक होतं.

हीच गोष्ट पुढं एका मुंबईत जन्मलेल्या लेखकानं वेगळ्या तऱ्हेनं सांगितली. रुडयार्ड किपलिंगचा जन्म १८६५ चा, मुंबईचा. १८९४ मध्ये आलेल्या 'जंगल बुक'मध्ये त्याची रिक्की-टिक्की-टावी नावाच्या मुंगसाची कथा आहे. पुरात वाहून आलेलं मुंगूस एका गोऱ्या कुटुंबाच्या बंगल्यात येतं आणि रात्री मुलाच्या बिछान्यात झोपतं. आईला ते पसंत नसतं. चावलं तर काय, असं ती म्हणते. बाप म्हणतो, त्याच्याजवळ पोर जास्त सुखरूप आहे. बघा, पंचतंत्रातली आई इथं पुन्हा आलीय. फक्त या वेळी बापाचं चाललं आणि मुंगूस वाचलं.

या किपलिंगचे वडील, जॉन लॉकवुड किपलिंग, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकवायला होते. पुढं ते लाहोरला गेले. त्यांनी १८९१ मध्ये हिंदुस्थानातली माणसं आणि जनावरं या विषयावर एक जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यात संस्थानांमधल्या शिकारी चित्त्यांचं वर्णन आहे. चित्ता आणि त्याचा रखवालदार पुष्कळदा एकाच घोंगडीखाली झोपत, असं ते लिहितात. चित्ता रात्री चुळबुळ करायला लागला की रखवालदार बाजेच्या आपल्या टोकाकडून आळसावल्या हातानं एक गोंडा त्याच्या डोक्यावर हलवायचा, आणि चित्ता शांत व्हायचा. सकाळी तो चित्ता अंगावर अर्धी घोंगडी आणि डोक्यावर वाकडी झालेली लाल टोपी घेऊन, जांभया देत एखाद्या म्हाताऱ्या गृहस्थासारखा बाजेवर बसलेला असायचा. त्याचं चित्रही पुस्तकात आहे. बाप चित्त्याला माणसाच्या बाजेवर बघतो, आणि लेक मुंगसाला मुलाच्या बिछान्यात झोपवतो. एकाच घराण्यानं ही दोन चित्रं ठेवून दिलीत.

आता चित्त्याबद्दल थोडं. आपण बोलण्यात बिबट्यालाही चित्ता म्हणून टाकतो, पण ही दोन जनावरं वेगळी. चित्ता सडपातळ, लांब पायांचा. त्याला वाघासारखी डरकाळी फोडता येत नाही. तो मांजरासारखा घुरघुरतो. काही सेकंद ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास पळतो आणि दमतो. चित्त्याकडून हरणांची शिकार करवून घ्यायची विद्या आपल्या दख्खनला फार जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात तिचं वर्णन येतं. मोगलांनी ती कळसाला नेली. 'आईन-ए-अकबरी'त चित्ते पकडण्याची, शिकवण्याची आणि त्यांच्या रोजच्या मांसाची तपशीलवार नोंद आहे. अकबराच्या एका चित्त्यानं मोठी दरी ओलांडून हरिण धरलं, तेव्हा त्याला पालखी मिळाली आणि पुढं नगारा वाजू लागला.

आणि हा वारसा विसाव्या शतकापर्यंत ज्या मोजक्या संस्थानांनी चालवला, त्यांत आपलं कोल्हापूर होतं. शाहू महाराजांच्या आणि त्यांच्यामागून राजाराम महाराजांच्या काळात इथं शिकारी चित्ते होते. त्यांना सांभाळणाऱ्यांना चित्तेवान म्हणत. हिंदुस्थानातले चित्ते दुर्मिळ झाल्यावर कोल्हापूर आणि भावनगर या संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते आणवले. शिकारीची रीत अशी की चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवून त्याला गाडीतून माळावर न्यायचं. काळविटांचा कळप टप्प्यात आला की टोपी काढायची आणि सोडायचं. त्यानं गळा धरला की चित्तेवान धावत जायचा, शिकारीचं रक्त लाकडी पळीत घेऊन त्याच्या तोंडाशी धरायचा, आणि तो रक्तात गुंतला की पुन्हा टोपी चढवायचा. आज या बाजूला रेल्वे, महामार्ग, गांधीनगरची कापडपेठ आणि कारखाने आहेत. पूर्वी कोल्हापूरच्या भोवती काळवीट चरावेत असे मोकळे माळ होते, हे नव्या पिढीला सांगूनही पटत नाही.

पण चित्त्याला माणसाशेजारी झोपवायचं कशासाठी? हौस म्हणून नाही. चित्त्याचं पिल्लू पाळून उपयोग नसे, कारण शिकार करायला त्याला त्याची आईच शिकवते. म्हणून वाढ झालेला, रानात शिकलेला चित्ता पकडावा लागे. अशा जनावराची भीती घालवायची तर त्याला माणसाच्या वासाची, आवाजाची, हालचालीची सवय लावावी लागे. डोळे झाकलेले असतानाच माणसं सतत त्याच्याजवळ बसायची, बोलत राहायची. रात्री शेजारी झोपणं हा या शिकवणीचाच भाग. आपल्या मराठीत याला फार नेमका शब्द आहे : माणसाळवणं. पाळीव होणं वेगळं आणि माणसाळणं वेगळं. कुत्रा, गाय, फेरेट हे पाळीव वंश आहेत. शेकडो पिढ्या माणसाजवळ जन्मल्या आणि वाढल्या. चित्ता प्रत्येक वेळी रानातून आणावा लागे आणि एकेकट्याला माणसाळवावं लागे.

याचा परिणाम काय झाला ते बघा. त्या काळी कैदेतला चित्ता पिल्लं देत नसे म्हटलं तरी चालेल. जहांगीर बादशहाच्या आठवणींत १६१३ साली एका मादीनं तीन पिल्लं दिल्याची नवलाईची नोंद आहे. त्यानंतरची कैदेतली नोंद थेट १९५६ ची, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातली. मधली जवळजवळ साडेतीनशे वर्षं माणसाच्या बाजेवर निजलेला प्रत्येक चित्ता हा रानातून एक कमी झालेला चित्ता होता. पुढं माळ नांगराखाली गेले, काळवीट संपत आले, बंदुका आल्या. १९४७ मध्ये कोरिया संस्थानात तीन चित्ते मारले गेले, आणि १९५२ मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं सरकारनं जाहीर केलं. १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियातून आठ चित्ते कुनोच्या रानात आणले, तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. इतक्या मायेनं घोंगडीत घेतलेलं जनावर आपल्याच हातून का संपलं, हा प्रश्न त्या दिवशी कुणी फारसा विचारला नाही.

आता राजवाड्यातून गावात येऊ. आपल्याकडच्या जुन्या घरांची बांधणी आठवा. दारातून आत आलं की एका अंगाला गोठा, दुसऱ्या अंगाला सोपा. मधे भिंत असली तर असली. म्हशीचा श्वास ऐकत म्हातारी माणसं झोपायची. जनावर रात्री अस्वस्थ झालं, व्यायला झालं, तर लगेच कळायचं. थंडीत गोठ्याची ऊब सोप्यात यायची. धनगर मेंढरं बसवतो त्या रानात त्याचं अंथरूण मेंढरांच्या आणि कुत्र्यांच्या मधेच असतं. आणि मांजर? ते चुलीच्या राखेतून उठून सरळ पोरांच्या वाकळेत शिरायचं. कुणी त्याला परवानगी दिली नाही, कुणी हाकललंही नाही.

इथं एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. मांजराला जे चालायचं ते कुत्र्याला चालत नव्हतं. जुन्या स्मृतींत मांजर सदा शुद्ध मानलेलं आहे. कुत्रा शिवला तर मात्र अंघोळ. नरसोबाच्या वाडीला जाऊन दत्ताच्या पायाशी असलेल्या चार कुत्र्यांना आपण हात जोडतो, त्यांना चार वेद म्हणतो, आणि घरी येऊन उंबऱ्यावरच्या कुत्र्याला हाड् करतो. म्हणजे कोण कुठपर्यंत येऊ शकतो हे दात, नखं किंवा रोगराई बघून ठरत नव्हतं. उंदीर खाऊन आलेलं मांजर सोवळ्यात चालायचं. मग ठरत कशावरून होतं? तर कुणाची जागा कुठं, याच्या आधीच ठरलेल्या उतरंडीवरून.

आणि ही उतरंड जनावरांपाशी थांबली असती तर मी आज इतका वेळ बोललो नसतो. गंगाराम कांबळे यांची हकिकत कोल्हापुरात सगळ्यांना ठाऊक आहे. ते महाराजांच्या पागेत कामाला होते. घोड्यांची सेवा त्यांच्या हातून चालत होती. पण त्यांनी पाण्याच्या हौदाला हात लावला, तेव्हा बरोबरच्या सवर्ण नोकरांनी त्यांना मारलं. घोड्याच्या अंगावर फिरणारा हात चालत होता, तोच हात पाण्याला चालत नव्हता. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केलं, गंगारामांना चहाचं हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः तिथं जाऊन चहा घेतला. मार्च १९२० मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या माणगावला परिषद झाली, तिला डॉ. आंबेडकर अध्यक्ष होते आणि महाराज हजर होते. सात वर्षांनी, २० मार्च १९२७ ला, महाडच्या चवदार तळ्यावर जो प्रश्न उभा राहिला तो अगदी साधा होता : या तळ्यावर गुरंढोरं पाणी पितात, मग माणसानं का पिऊ नये?

आता या उजेडात चित्त्याच्या बाजेकडं पुन्हा बघा. त्या बाजेवर दोघं आहेत. एक चित्ता, ज्याच्या मांसाचा रोजचा हिशेब दरबारात ठेवला जाई. दुसरा त्याचा रखवालदार, ज्याच्या जिवाची जोखीम कुणी मोजली नाही. अकबराच्या चित्त्याला पालखी मिळाली हे आपल्याला माहीत आहे. त्या चित्त्याशेजारी रात्री जागणाऱ्या माणसाला काय मिळालं? दरबारी इतिहासात चित्त्यांची नावं येतात, त्यांना निजवणाऱ्यांची फारशी येत नाहीत. मी काही चित्त्याला दोष देत नाही. त्याला ना पालखी हवी होती ना घोंगडी. माझं म्हणणं एवढंच की एका घोंगडीखाली झोपल्यानं दोघांना न्याय मिळाला असं होत नाही. चित्त्याला रान मिळालं नाही आणि रखवालदाराला मान मिळाला नाही.

मग आज काय करावं? आज शहरातल्या घरांत कुत्री-मांजरं पलंगावर झोपतात. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला रात्री पायाशी एक उबदार जीव असणं हा केवढा आधार असतो, हे माझ्या वयाच्या माणसांना सांगायला नको. मुलं पुण्याला, बंगळूरला, परदेशात. घरात आवाज म्हणून नाही. अशा वेळी कुणी मांजराला उशीवर घेतलं तर त्याला नाक मुरडणारा मी कोण? परदेशातल्या आपल्या घरांतून नातवंडं फेरेट हवा म्हणून हट्ट धरतात, त्यालाही माझी हरकत नाही. मुंगूस मात्र इथं घरात आणू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे, आणि त्याचं घर बांधावरच आहे.

पण जनावराला अंथरुणात घेण्याआधी तीन गोष्टी स्वतःला विचाराव्यात असं मला वाटतं. पहिली, हे याला हवं आहे की मला? फेरेटला हवी असते अंधारी, सुरक्षित, त्याच्या मापाची जागा. ती आपल्या रजईत असते तशी बाजूच्या कापडी झोळीतही असते, आणि तिथं त्याला चिरडायला आपण नसतो. दुसरी, याचा धोका कोण सोसणार? शिंक दोन्हीकडून येते, हे आपल्याला माहीत आहे. तिसरी सगळ्यात अवघड : ज्याला मी इतकं जवळ घेतो, त्याच्या पलीकडं कुणाला मी उंबऱ्याबाहेर ठेवलंय? मांजर उशीवर आणि घरकाम करणाऱ्या बाईचा कप वेगळा, असं घर मी पाहिलंय. तुम्हीही पाहिलं असेल. त्या घरात मांजरावर माया नाही असं मी म्हणत नाही. पण ती माया स्वस्त आहे, कारण मांजर कधी बरोबरीनं खुर्ची मागत नाही.

पंचतंत्रातल्या त्या आईला घागर टाकल्यावर कळलं की पाळण्याशेजारी आपलंच माणूस होतं. आपल्याला ते आधी कळावं एवढीच इच्छा. वेळ बराच झाला. कुणाला काही विचारायचं असेल तर जरूर विचारा. मांजरवाल्यांनी आधी विचारलं तरी चालेल. एवढं बोलून थांबतो.